एनबीएची ६५ मॅचची अट बरोबर आहे का? आणि आपल्या स्पर्धेला लावावी का?

धुळे_झोनडिफेन्स

मंडळी, मे महिन्यात धुळ्यात सहा संघांची बास्केटबॉलची साखळी स्पर्धा ठरतेय. तीन दिवस, प्रत्येक संघाच्या पाच मॅच, ४ × ८ मिनिटं, उघडं सिमेंटचं कोर्ट. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक मॅच, तिसऱ्या दिवशी एक. सर्वोत्कृष्ट खेळाडूला ट्रॉफी आणि रोख बक्षीस आहे.

समितीत सूचना आलीय की एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगसारखी किमान मॅचची अट घाला, म्हणजे शेवटच्या दोन मॅचपुरता बाहेरून येऊन धो धो पॉइंट करणारा ट्रॉफी घेऊन जाणार नाही. पण खुद्द एनबीएतच त्या अटीवरून एवढी भांडणं चालू आहेत, तर आपण ती डोळे झाकून का उचलायची? अट नेमकी काय आहे, तिने फरक पडला का, आणि आपल्याला तिच्यातलं काय घेण्यासारखं आहे, जाणकारांनी सांगा.

जळगाव_टेबलवाला

आधी नियम, कारण व्हॉट्सअॅपवर तो अर्धाच फिरतो.

२०२३ च्या खेळाडू-मालक करारातून ही अट आली आणि २०२३-२४ च्या सीझनपासून लागू झाली. ८२ पैकी ६५ मॅच खेळल्या नाहीत तर एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्कृष्ट खेळाडू), सर्वोत्कृष्ट बचावपटू, सर्वाधिक सुधारणा, ऑल-एनबीए (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंचे निवडक संघ) आणि ऑल-डिफेन्सिव्ह (तसेच बचावपटूंचे) संघ यांतून नाव बाद. नवोदित खेळाडू आणि सिक्स्थ मॅन (सर्वोत्कृष्ट बदली खेळाडू) या पुरस्कारांना ती नाही.

नुसतं कोर्टावर पाय ठेवून मॅच धरली जात नाही. किमान २० मिनिटं खेळावं लागतं. १५ ते २० मिनिटांच्या फक्त दोन मॅच चालतात. एक पळवाटही आहे: दुखापतीने सीझनच संपला, खेळाडूच्या ६२ मॅच झालेल्या असल्या आणि तोपर्यंतच्या संघाच्या मॅचपैकी ८५ टक्के तो खेळला असला, तर तो पात्र ठरतो.

दुसरा नियम वेगळा आहे आणि लोक दोन्ही एकत्र कालवतात. तो संघांवर आहे, खेळाडूंवर नाही. मागच्या तीन सीझनमध्ये ऑल-स्टार (निवडक खेळाडूंची प्रदर्शनी मॅच) किंवा ऑल-एनबीएसाठी निवडलेला तो ‘स्टार’. असे दोन स्टार एकाच मॅचला विश्रांतीवर बसवायचे नाहीत, आणि देशभर दाखवल्या जाणाऱ्या मॅचला धडधाकट स्टार बसवायचा नाही. पहिला दंड १ लाख डॉलर, दुसरा अडीच लाख, तिसरा साडेबारा लाख, पुढे प्रत्येक वेळी आणखी १० लाखांची भर. वय ३५ झालेल्यांना लागोपाठच्या दोन रात्रींपैकी एक सोडायची मुभा आधी परवानगी घेऊन मिळू शकते.

तापीकाठ

टेबलवाला भाऊंनी नियम चोख सांगितला. माझं मत मात्र विरोधात आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे हा. दुखणं वेळापत्रकात आहे. सुमारे साडेपाच महिन्यांत ८२ मॅच, मध्ये हजारो किलोमीटरचे विमानप्रवास, वर प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, जास्तीत जास्त २८. हा ८२ चा आकडा १९६७-६८ पासून आहे, तेव्हाचा खेळ आणि आजची धावपळ यांत जमीन-अस्मानाचा फरक. आज प्रत्येक उंच खेळाडू थ्री-पॉइंटच्या रेषेपर्यंत बचावाला धावतो, परत फिरतो, परत धावतो.

आणि पुरस्कार म्हणजे नुसती शोभेची वस्तू नाही, करार त्याला बांधलेले आहेत. टायरीज हॅलिबर्टनचं २०२३-२४ चं उदाहरण घ्या. ऑल-एनबीए झाला तर पगार सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेच्या) २५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर जाणार होता, पाच वर्षांत सुमारे ४ कोटी डॉलरचा फरक. जानेवारीत मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. परत आला तेव्हा मिनिटं मोजून, वीसच्या थोडी वर. त्याने उघडपणे अटीवर टीका केली. शेवटी ६९ मॅच झाल्या आणि ऑल-एनबीएही मिळालं, पण स्नायू भरून येण्याआधी धावलं की तोच परत फाटतो, हे ट्रेनरला विचारा.

उलट बाजू २०२४-२५ ला दिसली. स्पर्स संघाच्या वेम्बन्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली, ४६ मॅचवर सीझन संपला. बचावपटूच्या पुरस्काराचा तोच पहिला दावेदार होता, यादीतूनच गेला. यात आळस कुठे आला? अट आजारी आणि आळशी यांच्यात फरकच करत नाही.

भुसावळ_पिकअँडरोल

तापीकाठ दादा, एवढं एकतर्फी नका मांडू.

तिकीट काढून आलेल्याचं काय? पाहुणा संघ एखाद्या गावात सीझनमध्ये एकदाच किंवा दोनदाच येतो. आपल्याकडे गोष्ट स्क्रीनपुरतीच असली तरी तिथली संध्याकाळी साडेसातची मॅच थंडीत आपल्याकडे सकाळी सहाला लागते. उठून बघायचं आणि स्टार साध्या कपड्यांत बाकावर! २०१२ मध्ये स्पर्सने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या आपल्या मुख्य खेळाडूंना मायामीची मॅच न खेळवता घरी पाठवलं, अडीच लाख डॉलर दंड बसला. तेव्हापासून हे दुखणं चिघळत आलंय.

टोरंटोचा कवाय लेनर्ड २०१८-१९ मध्ये ८२ पैकी ६० च मॅच खेळला, तरी टोरंटोने विजेतेपद जिंकलं, फायनल्सचा एमव्हीपी तोच. ते बघून सगळ्यांनी वही काढून विश्रांतीचं गणित शिकून घेतलं. पण लीगने २०२४ च्या जानेवारीत जो अहवाल काढला, त्यात विश्रांती घेतल्याने पुढची दुखापत कमी होते असा संबंध सापडला नाही. अहवाल लीगचाच आहे, तेव्हा जपूनच वाचा. तरी ‘विश्रांती म्हणजे सुरक्षितता’ हे गृहीत धरायला पुरावा लागतो, एवढं तरी मान्य करा.

तापीकाठ

पिकअँडरोल भाऊ, संबंध सापडला नाही आणि संबंध नाही, यांत अंतर आहे. ज्याला आधीच दुखतंय त्यालाच जास्त बसवलं जातं, मग आकडे सारखे दिसणारच. माझा उपाय सरळ आहे: ७२ मॅच करा. पण प्रत्येक संघाच्या घरच्या पाच मॅचची तिकिटं बुडतात, आणि २०२५-२६ पासूनचा टीव्हीचा करार ११ वर्षांचा, ७६ अब्ज डॉलरचा आहे. मालक हात लावू देणार नाहीत आणि खेळाडूही पगार कापून घेणार नाहीत. म्हणून मग अट.

नंदुरबारची_पॉइंटगार्ड

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली, ती म्हणजे पुढच्या सीझनच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा नंबर मिळावा म्हणून मुद्दाम हरणं. तळाच्या संघांना पुरस्काराच्या अटीने काडीचा फरक पडत नाही. ते मार्चमध्ये चांगला खेळाडू ‘पाठ दुखतेय’ म्हणून बसवतात. युटाच्या संघाला २०२५ मध्ये मार्कानेनला बसवल्यावरून १ लाख डॉलरचा दंड झाला, त्या आकड्याने कुठला मालक घाबरतो? आणि गंमत बघा, युटा १७-६५ ने सगळ्यात खाली राहिलं, निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पाचवा नंबर मिळाला. २०१९ पासून तळाच्या तिघांना पहिल्या नंबरची संधी सारखीच, १४ टक्के. १.८ टक्के संधी असलेलं डॅलस पहिला नंबर मिळवून कूपर फ्लॅगला घेऊन गेलं.

आता झोनडिफेन्स दादांच्या मूळ प्रश्नाकडे. एनबीएचं प्रमाण जसंच्या तसं उतरवलं तर ८२ पैकी ६५ म्हणजे ७९ टक्के, तुमच्या पाचपैकी चार मॅच. ४८ पैकी २० मिनिटं म्हणजे तुमच्या ३२ पैकी साधारण १३. कागदावर छान दिसतं, पण घोळ असा होतो: एक पोरगा चार मॅच १४-१४ मिनिटं खेळला, एकूण ५६, तो पात्र. दुसरा तीन मॅच पूर्ण खेळला, ९६ मिनिटं, चौथीला घोटा मुरगळला, तो बाद. हे कुणालाच पटणार नाही. वर घोटा बांधून १३ मिनिटं उभं करायचा मोह कोचला होणार तो वेगळाच, आणि सिमेंटवर तो घोटा मॅटिंगवरच्यापेक्षा वाईट जातो.

म्हणून मॅच मोजू नका, मिनिटं मोजा. पाच मॅचची १६० मिनिटं, त्यांतली निम्मी, ८०, खेळणारा पात्र. शेवटच्या दोन मॅचपुरता आलेला जास्तीत जास्त ६४ वर अडकतो, तुमचा मूळ हेतू साधतो.

जळगाव_टेबलवाला

ताईंचं गणित बरोबर, पण मिनिटं लिहिणार कोण, हे आधी ठरवा. आपली नेहमीची फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) स्कोअरशीट मिनिटं सांगत नाही. खेळाडू उतरला की फुली, सुरुवातीच्या पाचांच्या फुलीला गोल, एवढंच. कोण किती वेळ बाहेर होता याचा पत्ता लागत नाही. स्कोअररच्या गळ्यात हे काम घालू नका, फाऊल आणि पॉइंट लिहितानाच त्याची दमछाक होते.

टेबलावर वेगळा माणूस बसवा. प्रत्येक संघाला एक आडवा कागद, डावीकडे जर्सी नंबर, पुढे चार क्वार्टरचे रकाने. बदली झाली की घड्याळावरची उरलेली वेळ लिहायची: आत ८:००, बाहेर ३:२०, म्हणजे ४ मिनिटं ४० सेकंद. बदली घड्याळ थांबलेलं असतानाच होते, त्यामुळे लिहायला सवड मिळते. क्वार्टर संपला की पाचही जणांची बेरीज ४० मिनिटं आली पाहिजे. नाही आली तर कुठलीतरी बदली सुटलीय, तिथल्या तिथे शोधा, मॅच संपल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

धुळे_झोनडिफेन्स

हे जमण्यासारखं आहे भो. ८० मिनिटांची अट समितीपुढे ठेवतो. पण एक्स्ट्रा टाइम झाला तर? आणि कोर्टावरच दुखापत झाली तर ताईंच्या उदाहरणातल्या पोरासारख्याला काही सवलत ठेवायची का?

नंदुरबारची_पॉइंटगार्ड

एक्स्ट्रा टाइमची पाच मिनिटं खेळाडूच्या खात्यात धरा, पण अट ८० चीच ठेवा, वाढवू नका. नाहीतर ज्या संघाची मॅच बरोबरीत गेली त्याच्याच पोरांना शिक्षा.

दुखापतीला सवलत ६५ च्या खाली नेऊ नका, नाहीतर दोन मॅचवाला मागच्या दाराने आत येतो. ‘स्पर्धेत दुखापत झाली, पंचांनी स्कोअरशीटच्या मागे नोंद केली आणि ६५ मिनिटं झालेली असली तर पात्र’ असं लिहा. नोंद त्याच मॅचला व्हायला हवी, दुसऱ्या दिवशी आणलेली चिठ्ठी चालणार नाही. आणि हे सगळं संघांच्या नावनोंदणीच्या अर्जावरच छापा.