+५ दाखवतंय, पण डाव बरोबरीचाच ना?

सोलापुरी_हत्ती: मे महिन्यातली सोलापूरची दुपार, लॅपटॉपचा पंखा मागासारखा खडखडतोय. स्टॉकफिश, म्हणजे बुद्धिबळाचं इंजिन, दीड तास +५ वर, म्हणजे पांढरा जिंकतोय यावरच, अडलंय. काळ्याचा किल्ला असला पक्का, की पांढऱ्या वजिराला शिरायला फटच नाही. मला दिसतंय, त्याला का दिसत नाही ओ?

जुनं_प्यादं: राजे धरून मोहरी ७ पर्यंत असतील तर सिझिगी टेबलबेस, म्हणजे थोड्या मोहऱ्यांच्या डावांचे पक्के निकाल साठवलेला साठा, ऑनलाइन बघ. उतरवत बसू नको, १८ टीबीच्या आसपास जातं.

सोलापुरी_हत्ती: ११ आहेत की ओ!

जुनं_प्यादं: मग स्टॉकफिशलाच दोन्हीकडून खेळव. मारामारी नाही, प्यादं हलत नाही आणि आकडा शून्याकडे घसरतोय, तर समज किल्लाच.

सोलापुरी_हत्ती: खेळवलं. ३८व्या चालीला लाईट गेली, बॅटरी तर कधीच मेलीय. तेव्हा +२ होतं.