किनाऱ्यावरच्या मासळीचा पैसा घाट चढून वर येतो काय?

घाटमाथा_खानापूर

काल रविवार म्हणून बेळगावात कॅम्पातल्या मासळी मार्केटला गेलतो. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी, त्यामुळं माल थोडा, आणि जो होता तो बर्फात लोळून लोळून डोळे पांढरे झालेला, बांगडा डोक्याला धरून उचलला तर शेपटी खाली लोंबतेय. मावशी म्हणते ताजा हाय, घे. बायकोनं गपचिप सुकट घेतली आणि आम्ही परत.

येताना डोक्यात एकच घोळत होतं. आपल्या सीमाभागात धंद्याचं बोलायचं झालं की ऊस, तंबाखू, काजू, फौंड्री एवढंच निघतं, मासळी म्हणजे रविवारचं ताट, त्याच्या पुढं कुणी जातच नाही. खरं दोन महिने बोटी थांबल्या की इथं किती जणांचा हात रिकामा होतो बघा की, टेम्पोवाले, बर्फवाले, टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या बायका, फिश थाळीची हॉटेलं. आपली भाजी आणि दूध चोर्ल्यानं गोव्यात उतरतं आणि त्याच घाटानं मासळी वर येते, म्हणजे हा धंदा निम्मा आपलाच झाला काय नाही?

देशाची समुद्री निर्यात 2023-24 ला 60,523 कोटी रुपयांची होती, 17.8 लाख टन माल. एवढा मोठा धंदा शेजारी असून आपण नुसते गिऱ्हाईक. माझं म्हणणं, सरकारी पैशानं बेळगावात मासळीसाठी धड कोल्ड स्टोरेज आणि होलसेल मार्केट पाहिजे, आणि चिकोडी-रायबागकडं क्षारपड होऊन पडलेल्या जमिनीत कोळंबीची तळी काढायला पाहिजेत. हरियाणात रोहतक, सिरसा भागात खाऱ्या जमिनीत वनामी कोळंबी काढतातच की, समुद्र कुठाय तिथं? बोला.

रोखठोक_अनगोळ

आकडा बघून छाती फुगवायच्या आधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा. त्या 60 हजार कोटीतले 40 हजार कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे आहेत आणि त्यातली बहुतेक आंध्रातल्या तळ्यांतली. तुमचा कारवारचा बांगडा आणि मालवणची सुरमई त्या आकड्यात शोधायला भिंग लागेल. आंध्राच्या पैशावर कोकणपट्टीचं लग्न लावूलालाय तुम्ही.

आणि कोळंबीचं म्हणाल तर तो धंदा म्हणजे एकाच सावकाराच्या दारात उभं राहणं. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. 2025 च्या ऑगस्टात तिकडं 50 टक्के टॅरिफ लागला आणि कोळंबीवाले हवालदिल झाले. त्याच्या आधी 90 च्या दशकात टायगर कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, तळीच्या तळी चार-सहा दिवसांत मेली, लोकांनी कर्ज काढून काढलेली तळी होती ती. 2009 ला वनामी ही परदेशी जात आणायला परवानगी मिळाली तेव्हा धंद्यानं परत जोर धरला. हे असलं जुगारी पीक तुम्ही चिकोडीच्या ऊसकऱ्याच्या गळ्यात मारणार? त्याला आधीच एक कारखानदार पुरे आहे.

कुमठ्याची_लेक

मी मूळची कुमठ्याची, लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले त्याला बावीस वर्षं झाली, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगते. दोघंही वरनं बघून बोलताय.

आमच्याकडे अघनाशिनीच्या खाडीत गजनी म्हणून जमिनी असतात. बांध घालून पावसाळ्यात त्यात कग्गा नावाचं भात घ्यायचं, खाऱ्या पाण्यात तग धरणारं, आणि कापणी झाली की बांधाच्या फळ्या उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, त्याच्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी आणि बारीक मासे आपसूक आत येतात आणि भाताच्या धसकटांवर वाढतात. खत नाही, खाद्य नाही, औषध नाही. माझ्या आजोबांच्या वाट्याला त्यातली चार गुंठे होती आणि लहानपणी पौर्णिमा-अमावास्येच्या भरती-ओहोटीला रात्री फळीला जाळं लावायला मी त्यांच्याबरोबर कंदील घेऊन जायची. नंतर कोळंबीची लाट आली, बाहेरची माणसं आली, जमिनी भाड्यानं घेतल्या, भात बंद केलं, बारा महिने खारं पाणी कोंडलं. सुरुवातीला पैसा आला हे खोटं नाही सांगणार, आमच्या शेजारच्यांनी कौलं काढून स्लॅब घातला. मग रोग आला, भाडेकरू गेले, बांध फुटले, आणि आता त्या जमिनीत कग्गा पण धड येत नाही.

सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 1996 ला किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी पाडायला सांगितली होती ती उगाच नव्हे. पुढं 2005 ला कायदा करून तळ्यांना परवानगीची वेगळी वाट काढून दिली ही गोष्ट वेगळी.

खाडीत खरी कमाई तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची. ओहोटीला बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायानं चाचपून तिसऱ्या काढतात, परवाना लागत नाही, बोट लागत नाही, कर्ज लागत नाही. तो पैसा थेट घरात येतो आणि कुठल्या निर्यातीच्या आकड्यात दिसत नाही. 2024 ला अघनाशिनीच्या खाडीला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तेव्हा कुठं लोकांना कळलं तिथं काय आहे ते. तुम्ही म्हणता धंद्यात सरकारी पैसा गेला पाहिजे. जाऊ दे की. खरं तो बंदर आणि जेटी बांधायला जातो आणि त्यासाठी उकरतात ती हीच खाडी. कारवारला जानेवारी 2020 मध्ये बंदर वाढवायच्या कामाविरुद्ध कोळी लोक रस्त्यावर उतरले होते, आठवतंय काय कुणाला?

घाटमाथा_खानापूर

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. गजनीचं माहीत नव्हतं. खरं एक विचारतो, राग मानू नका. तिसऱ्या काढून घर चालतं, पोराचं इंजिनिअरिंग होत नाही. स्लॅब कुणी घातला? कोळंबीवाल्यानंच ना?

@रोखठोक, जुगार ऊसात नाही काय? पाऊस गेला, तांबेरा आला, बिल थकलं. फरक एवढाच की ऊसाला एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, कारखान्याच्या दारात आंदोलन करता येतं, आमदार पळत येतो. माशाला काय हमीभाव आहे? पहाटे लिलावात जो बोलेल तो दर. म्हणूनच म्हणूलालोय की ह्या धंद्याकडं धंदा म्हणून बघा.

चिकोडी_ऊसकरी

कोळंबीवाल्या भावा, माझ्या दीड एकरात मीठ फुटलंय, पांढरी बुरशी आल्यागत दिसतंय, तिथं गवतबी येत न्हाई. म्हणून तुझा धागा वाचून मला पयल्यांदा बरं वाटलं. मग मी चौकशी केली. हरियाणातलं पाणी समुद्रागत खारं असतंय खरं त्यात पोटॅश कमी पडतंय, कोळंबीचं कवच सुटत न्हाई, म्हणून वरनं पोटॅश टाकावं लागतंय पोत्यानं. वर ऑक्सिजनसाठी एअरेटर रातभर फिरला पायजे, आमच्यात थ्री फेज लाईट रातचं किती तास असतीय ते तुलाबी म्हायती हाय. एक तास बंद पडली तर सकाळी तळ्यावर पांढरा थर.

आनि मेन गोष्ट, ते तळ्याचं खारं पाणी सोडायचं कुठं? वड्याला सोडलं तर खालच्या माणसाचा ऊस जाणार. माझी क्षारपड झाली ती वरच्यानं पाण्याचा मारा केल्यामुळंच, आता मी खालच्याची करू? पाटाच्या पाण्यावरनं आमच्यात डोकी फुटल्यात.

तरीबी मी पूर्ण न्हाई म्हणत न्हाई. नुसतं तळं काढायला पैसा देऊन जाऊ नका, पाणी सोडायची सोय कोण करणार ते आधी सांगा.

बर्फवाला_कॅम्प

वरच्या पोस्टीत आमच्या मार्केटच्या बांगड्याची बदनामी झाली म्हणून लिहूलालोय 😄 तीन पिढ्या ह्याच धंद्यात आहे.

पहिलं, घाट एकच असला तरी भाजीच्या गाडीतनं मासळी येत नाही ओ. एकदा मासळी भरली की त्या हौद्याचा वास कोथिंबिरीला लागतो, भाजीवाला दारात उभं करत नाही. गाड्या वेगळ्या. आपल्याकडं माल गोव्यातनं चोर्ल्यानं आणि वेंगुर्ला-मालवणचा आंबोलीनं येतो. दुसरं, जून-जुलैत जो माल दिसतो तो सगळाच जुना नसतो. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, ती उठली की तिकडचा माल इकडं सुटतो. तो दोन दिवसांचा प्रवास करून येतो, डोळा पांढरा होणारच.

खरा हिशोब बर्फाचा आहे. नियमानं एक किलो मासळीला एक किलो बर्फ पाहिजे. म्हणजे अर्धी गाडी बर्फ वाहते, डिझेल त्याचंही लागतं. घाटात ट्रॅफिक अडकलं, एखादा ट्रक आडवा झाला, की खोक्यातनं पाणी गळायला लागतं आणि आमचं काळीज पण. मी स्वतः एकदा जांबोटीच्या अलीकडं सहा तास अडकलोय, पाऊस एवढा की समोरचं दिसत नव्हतं, चहाच्या टपरीवाल्याच्या फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ विकत घेऊन खोक्यांवर ओतला. माल निम्म्या दरानं गेला. म्हणून कोल्ड स्टोरेज पाहिजे ह्या मताला माझा शंभर टक्के पाठिंबा.

2018 आठवतंय काय? गोव्यात जुलैत मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे माल टिकवायला मारायचं विषारी रसायन, सापडल्याची बोंब झाली, मग त्यांनी बाहेरच्या राज्यातल्या मासळीच्या गाड्या अडवल्या, इन्सुलेटेड गाडी आणि नोंदणी पाहिजे म्हणाले. कारवार, सिंधुदुर्गवाल्यांचा माल हद्दीवर उभा. इकडं बेळगावात कुणी मासळीकडं बघेना, लोक दुकानात येऊन वास घेऊन जायचे. महिनाभर आम्ही घरात चिकन खाल्लं, मासळीवाल्याच्या घरात!

रोखठोक_अनगोळ

कोल्ड स्टोरेज झालं तर मासळी स्वस्त होईल असं वाटत असेल तर भ्रम आहे. साठवायची सोय झाली की साठेबाज येतो, कांद्याचं बघितलंय आपण.

आणि @कुमठ्याची_लेक यांचं एक सांगायचं राहून गेलं, तारली. गरिबाचा मासा. मंगळूर-उल्लाळकडं फिशमीलचे, म्हणजे मासळीच्या भुकटीचे, कारखाने आहेत, तारलीचे ढीग त्यात जातात, चार-साडेचार किलो मासळीचं एक किलो फिशमील होतं आणि ते कुठं जातं तर कोळंबीच्या खाद्यात. म्हणजे आपल्या ताटातली तारली काढून कोळंबीला चारायची आणि कोळंबी अमेरिकेला पाठवायची. वर म्हणायचं अर्थव्यवस्था. केरळात 2012 ला जवळपास 4 लाख टन तारली उतरली होती, 2021 ला साडेतीन हजार टन पण नाही.

बर्फवाला_कॅम्प

ते फिशमीलमुळं एकट्यानं नाही झालं, एल निनो आणि समुद्र तापल्याचं शास्त्रज्ञ सांगतात. बारीक पिल्लं मारली हे पण आहेच. आणि साठेबाजीचं म्हणाल तर बांगडा म्हणजे कांदा नव्हे, गोठवून ठेवला तरी चव जाते, गिऱ्हाईक ओळखतं.

कुमठ्याची_लेक

@घाटमाथा, राग नाही. स्लॅब कोळंबीवाल्यानं घातला हे खरं. स्लॅबवर कर्ज कुणाचं होतं ते तुम्ही विचारलं नाही.

बोटींचं पण तसंच आहे. पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याच्या, बोटीवर खलाशी ओडिशा, झारखंड, नेपाळचे, बोट कुणा मोठ्या माणसाची. आमच्याकडे रांपण (किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं जाळं) ओढायची तेव्हा अख्खं गाव दोरीला हात लावायचं आणि हात लावेल त्याला वाटा मिळायचा, म्हाताऱ्या विधवेला सुद्धा. 70 च्या दशकात पर्ससीन आली आणि रांपण बसली. उत्पादन वाढलं. वाटेकरी कमी झाले. मी धंद्याविरुद्ध नाही, माझा भाऊ आजही बोटीवर आहे. फक्त टन मोजताना माणसं पण मोजा एवढंच.

घाटमाथा_खानापूर

बरं, कोळंबीच्या तळ्यांचा मुद्दा मी मागं घेतो, चिकोडीवाल्यानं पाणी सोडायचं विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नाही. कोल्ड स्टोरेजवर मी ठाम आहे. आणि गोड्या पाण्याचं कुणी बोललंच नाही, हिडकल, नविलुतीर्थ एवढी मोठी धरणं आपल्याकडं, कटला-रोहू तिथं निघतो. तो खाल्ला तर समुद्रावरचा भार थोडा कमी होईल.

चिकोडी_ऊसकरी

कटल्याला चिखलाचा वास येतोय म्हणून आमची आई घरात घेत न्हाई. समुद्राचा म्हणजे मासा, नदीचा म्हणजे काटे.

बर्फवाला_कॅम्प

मावशींना सांगा लिंबू-हळद लावून अर्धा तास ठेवा, वास जातो.

बाकी 1 ऑगस्टला बोटी सुटतील, समुद्र बरा असला तर तीन-चार दिवसांत नवा माल वर येईल. गंमत अशी की तेव्हा बहुतेक श्रावण लागलेला असतो, निम्मं बेळगाव पाळतंय, म्हणजे ताजा माल येतो तेव्हाच गिऱ्हाईक नाही आणि दर पडतो. ज्यांना पाळायचं नाही त्यांनी तेव्हा या. सकाळी सातच्या आत. आणि @घाटमाथा, बांगडा शेपटीवरनं नको, कल्ला उचलून बघा, आत लालभडक असला तर घ्या.