‘साहेबांनी ७१ चं युद्ध पाहिलंय’ एवढ्यावर पैसे द्यायचे का?

कोथरूडकर: सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात फिरतेय. मुळशीकडे प्लॉटिंग, वर निवृत्त अधिकाऱ्यांचा गणवेशातला फोटो, खाली ‘दरमहा खात्रीचं व्याज’. निम्मी बिल्डिंग म्हणतेय, फौजी माणूस, फसवायचा नाही.
मला चार्ल्स कीटिंग आठवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात वैमानिक, मग वकील, मग ॲरिझोनात बिल्डर. १९८४ मध्ये त्याच्या कंपनीनं कॅलिफोर्नियातली लिंकन ही बचत बँक विकत घेतली आणि ठेवीदारांचा पैसा जमिनी, हॉटेलं, जंक बाँड (व्याज जास्त, पण बुडायचा धोकाही मोठा असे रोखे) यांत ओतला. वर बँकेच्याच शाखांमधून स्वतःच्या कंपनीचे रोखे म्हाताऱ्या खातेदारांच्या गळ्यात मारले. त्यांना वाटलं, यालाही ठेवीसारखा विमा असेल. नव्हता. १९८९ मध्ये कंपनी बुडाली, वीस हजारांहून जास्त लोकांचे रोखे रद्दीत गेले.

वानवडीचे सुभेदार: कीटिंग विमान चालवायला शिकला, प्रत्यक्ष लढाईवर गेलाच नाही. त्याच्या पापाचं बिल आमच्या गणवेशावर का फाडताय? इथली साळुंके विहार वसाहत कोणी बांधली? आर्मीच्याच गृहनिर्माण संस्थेनं, ना नफा ना तोटा तत्त्वावर.

कोथरूडकर: सुभेदारसाहेब, साळुंके विहारच्या मागे संस्था होती. इथे खासगी कंपनी आहे, नफा साहेबांचा. गणवेश तेवढा सगळ्यांचा.

डेक्कनचा सीए: दोघंही भलतीकडे चाललाय. कीटिंगला रान मोकळं मिळालं ते १९८२ मध्ये तिकडच्या बचत बँकांवरची बंधनं सैल केल्यामुळे. आपल्याकडे बँकिंग नियमन कायद्याचं कलम ९ आहे: स्वतःच्या वापराची सोडून इतर स्थावर मालमत्ता बँकेला सात वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. कलम २० संचालकांना कर्ज द्यायला मनाई करतं. इथे कीटिंग झालाच नसता.

सदाशिवपेठी: हो का! आमच्या आजीच्या ठेवी एका सहकारी बँकेत अडकल्या तेव्हा ही कलमं कुठे जेवायला गेली होती? कर्जं सगळी संचालकांच्या गोतावळ्यात. आजी पासबुक पदराखाली घेऊन जायची, काउंटरवरचा मान वर न करता म्हणायचा, ‘वरून ऑर्डर नाही.’ विमा तेव्हा १ लाखाचा. तो ५ लाख झाला २०२० मध्ये, तोवर आजी राहिली नव्हती.
आणि चारित्र्याचे दाखले कसे मिळतात तेही ऐका. कीटिंगनं मदर तेरेसांना दहा लाख डॉलरहून जास्त देणगी दिली होती. शिक्षेच्या वेळी त्यांनी न्यायाधीशांना दया दाखवा म्हणून पत्र लिहिलं!

वानवडीचे सुभेदार: मग तुमच्या संचालकांपैकी फौजी किती होते? एकही नसणार. तरी बुडवलीच ना बँक? शिस्तीत आयुष्य काढलेल्या माणसाला चार गुण जास्त द्यायला काय हरकत आहे?

सदाशिवपेठी: गुण द्या की. चेक देऊ नका.

डेक्कनचा सीए: भावनेवर भांडण्यापेक्षा जाहिरात नीट वाचा. ५०० चौरस मीटरच्या वरचं प्लॉटिंग म्हणजे महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पण ‘दरमहा व्याज’ म्हटलं की ते प्लॉट विकणं राहतच नाही, ती ठेव गोळा करणं झालं. बेकायदा ठेव योजनांवर २०१९ पासून बंदीचा कायदा आहे. नोंदणी क्रमांक काय लिहिलाय?

कोथरूडकर: क्रमांकाच्या जागी ‘बुकिंग सुरू’. फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, काका, साहेबांनी ७१ चं युद्ध पाहिलंय.

वानवडीचे सुभेदार: नंबर नाही आणि युद्ध सांगतायत? जाहिरात मला पाठवा. शनिवारी त्यांच्या ऑफिसात जाणार असाल तर मीही येतो. युनिट कुठली, एवढं मीच विचारीन. बाकी कागद सीएसाहेबांनी बघावेत.