वडील घरात नसले की पोरं बिघडतात?

गंगावेसकर:
आमच्या गल्लीतल्या एका पोरानं मारामारी केली, तर लगेच शेरा आला, "बाप जवळ नाही, दुसरं काय होणार!" त्याच मारामारीत असलेल्या बाकी दोघांचे वडील घरातच होते, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. त्याची आई शिरोलीत कारखान्यात पाळ्या करते. बापाची म्हणून जी उणीव दिसते, ती पुष्कळदा पैशाची असते. एकल पालकांच्या मुलांवर अमेरिकेत सारा मॅकलानाहन यांनी वर्षानुवर्षं काम केलं. शिक्षणातल्या फरकाचा मोठा भाग त्यांना घरच्या तुटपुंज्या उत्पन्नात सापडला.

कागलकर:
मोठा भाग म्हणजे सगळा नव्हे. उत्पन्न सारखं धरलं तरी फरक उरतो, हेही त्याच बाईंनी मांडलंय, ते का गाळलंत? मी हायस्कूलला शिकवतो. आई रात्री दमून येते, आजीला पोरगं जुमानत नाही, मग "कुठं होतास?" हे विचारणार कोण? तुमच्या बोलण्यानं जबाबदारी टाकून गेलेले बाप नामानिराळे राहतात.

टाकळीची सून:
माझं सासर सैनिक टाकळी, शिरोळ तालुका. इथं घरोघरी फौजी. माझे मालक सुट्टीपुरते घरी, पण फोनवर गणिताची वही दाखवायला लावतात, पगार वेळेवर येतो, पोरांना गावात मान आहे. टाकून दिलेल्या बाईच्या पोराला यातलं काय मिळतं? दोन्हीकडं बाप घरात नाही, म्हणून दोन्ही पोरं एका मापानं मोजू नका.

कागलकर:
वहिनी, हे तर माझ्याच बाजूचं झालं. लांब राहूनही ते बाप म्हणून हजर आहेत.

गंगावेसकर:
शाहू महाराजांची आई ते लहान असतानाच गेली, १८८४ ला दत्तक आले, १८८६ ला जन्मदाते वडीलही गेले. तरी घडलेच ना?

कागलकर:
त्यांच्यामागं अख्खं संस्थान होतं, शिकवायला फ्रेझरसाहेब होते. पाळी करणाऱ्या माउलीच्या पोराला तो दाखला देऊ नका.

वकीलबाई:
वडील हयात असून लक्ष देत नसतील तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ लाच सांगितलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. तरी "वडिलांना घेऊन या" म्हणून बायकांना परत पाठवलं जातं. निदान हा जाच तरी थांबवा.

कागलकर:
आईची सही चाललीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण वेगळं राहणाऱ्या बापानं पोटगी भरली की सुटला, असं नको. पालकसभेला यावं, रविवारी पोराला भेटावं. मारकुटा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मी आईच्या बाजूनं.

गंगावेसकर:
आणि पोटगीच येत नसेल तर? त्या पोराची आई कोर्टाच्या तारखेला गेली की तिचा खाडा पडतो, त्या दिवसाचा पगार जातो. आधी यावर बोला.