घोड्यांवरील माशा आणि फवारणीची औषधे

प्रश्न : माथेरानमध्ये आमचे दोन घोडे आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर चावऱ्या माशांमुळे त्यांचे पाय रक्ताळतात. परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी सुरक्षित आहे का, की सिट्रोनेला (माशा पळवणारे सुगंधी गवताचे) तेल पुरेल?

उत्तर १ : घोड्यांसाठी बनवलेले परमेथ्रिन लेबलवरील प्रमाणात वापरल्यास सहसा सुरक्षित असते, मात्र ते मांजरांना घातक असल्याने तबेल्यातील मांजर फवारा वाळेपर्यंत कृपया दूर ठेवावे. डोळे आणि जखमा टाळून तोंडावर कापडानेच लावावे. सिट्रोनेलाचा परिणाम लवकर उडून जातो.

उत्तर २ : तबेल्यातील चावरी माशी ओल्या, कुजणाऱ्या गवतात मिसळलेल्या लिदीत अंडी घालते, त्यामुळे लीद रोज उचलल्याशिवाय केवळ फवारणी पुरी पडत नाही. आमच्या घोडीला त्यानेच खरा आराम मिळाला.