मदत हवी आहे: अंगणातलं लाल पेअर नेमकं कोणतं?

नमस्कार मंडळी,
पोर्टलँडजवळ (ऑरेगन) घर घेतलं, त्याच्या परसात पेअरचं जुनं झाड आहे. जात आधीच्या मालकांनाही माहीत नव्हती. फळं अगदी सुपारीएवढी होती तेव्हापासूनच काळपट लाल आहेत. आता जुलै संपत आलाय, फळं भरलीत आणि रंग चांगलाच उजळतोय. देठ जाड, मान बऱ्यापैकी लांब, साल गुळगुळीत. एका फांदीला मात्र सगळी हिरवी फळं! हा रोग आहे का? आणि काढायची कधी? सासरे म्हणतात लाल झाली म्हणजे पिकली, पण दाबून पाहिलं तर दगड.

प्रतिसाद १:
रोग नाही, घाबरू नका. उलट त्या फांदीमुळेच ओळख सोपी झाली. बहुतेक लाल पेअर ही हिरव्या जातीच्या झाडावर आपोआप फुटलेल्या लाल फांदीपासून कलमं करून वाढवलेली आहेत. स्टारक्रिमसन १९३९ मध्ये मिशिगनला ‘क्लॅप्स फेवरिट’च्या झाडावर सापडलं, मॅक्स रेड बार्टलेट १९३८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात झिला इथे. अशी झाडं मधूनच मूळ हिरव्या वळणावर जातात. रेड अँजू नसावं, त्याचा रंग पिकतानाही फारसा बदलत नाही, मान आखूड असते आणि ते सप्टेंबरात उतरतं. जाड देठ आणि इतक्या लवकर भरलेली फळं पाहता माझा कौल स्टारक्रिमसनला. बार्टलेट साधारण ऑगस्टच्या मध्यानंतर येतं.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका, तो पहिल्यापासूनच लाल असतो. फळ हातात धरून आडवं उचला. देठ फांदीपासून सहज सुटला तर उतरवा, कडक असलं तरी. झाडावर पिकू दिलंत तर बाहेरून सुंदर आणि आत गाभा तपकिरी, पिठूळ. पेअर आतून बाहेर पिकतं. आंब्यासारखं उतरवून घरात पिकवायचं आणि देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहायचं. तिथे मऊ लागलं की लगेच खा.

धागाकर्ती:
खूप आभार! आज एक आडवं करून पाहिलं, अलगद हातात आलं. हिरवी फांदी छाटू का?

प्रतिसाद १:
फळं उतरल्यावर, हिवाळ्यात पानं गळली की ठरवा. हिरवा फुटवा सहसा जोरदार वाढतो आणि लाल भागाला मागे टाकतो, त्यामुळे मी तरी बुडापासून काढली असती. पण चव आवडली तर ती हिरवी फळंही ‘क्लॅप्स फेवरिट’सारखीच गोड, रसाळ निघतील. यंदा आधी खाऊन तर बघा.