वाद्यसंग्रहालयाचं काम अर्ध्यावर अडकलंय, निधी कसा उभारावा?

प्रश्न: छत झालं, वायरिंग झालं आणि पैसे संपले. उरलंय ते कुणाच्या डोळ्यांत न भरणारं: हवेतली आर्द्रता राखणारी यंत्रणा आणि काचेची कपाटं. तोवर सारंग्या, वीणा खोक्यांत. एका वीणेचा भोपळा दांडीच्या सांध्यापाशी उकलायला लागलाय. देणगीदाराला ‘डीह्युमिडिफायरसाठी पैसे द्या’ कसं म्हणू?

उत्तर १: तसं म्हणूच नका! वाद्यं दत्तक द्या. ‘ही सारंगी, हिचं कातडं फाटलंय, खर्च इतका’ असं फोटोसकट मांडा. कपाटाचा वाटा त्यातच धरा, मात्र तसं स्पष्ट लिहा.

उत्तर २: दत्तक योजनेत किरकोळ रकमा येतील. मोठ्या संस्थांना आकडे लागतात. सापेक्ष आर्द्रता साधारण 40 ते 60 टक्क्यांत आणि मुख्य म्हणजे स्थिर, रंगीत कापड-कातड्यावर प्रकाश 50 लक्सपर्यंतच, हे अर्जात हवं. डेटालॉगर, म्हणजे आर्द्रतेची सतत नोंद ठेवणारं यंत्र, आजच लावा. चढउतारांचा आलेख लांबलचक निवेदनापेक्षा बोलका असतो. निधीसाठी मैफल भरवण्याच्या नादी लागण्याआधी सभागृह, ध्वनिव्यवस्था वजा जाता हाती काय उरतं ते मांडून बघा.

प्रश्नकर्ती: आमच्या मंडळींना मैफलच हवीय, काय सांगू! डेटालॉगर आहे, सील न फोडलेला. उद्याच वीणेच्या खोक्यात ठेवते.